दुसऱ्याचा थंडर चोरला म्हणजे नक्की काय चोरलं?

इंग्रजी सिरीज बघणाऱ्यांच्या कानावर "यू स्टोल माय थंडर" हे वाक्य कधी ना कधी पडलेलं असतं, आणि सबटायटल वाचून साधारण अंदाज येतो पण पूर्ण कळत नाही, कारण ढगांचा गडगडाट ही काय चोरायची गोष्ट आहे का. आता असं धरा की बहिणीचा साखरपुडा आहे, सगळं घर तिच्याभोवती, आणि पंगत बसलेली असताना मोठा भाऊ उभा राहून सांगतो की आमच्याकडे पण गुड न्यूज आहे बरं का. झालं. आत्या, मावश्या, शेजारच्या काकू, सगळ्या वहिनीकडे धावल्या, फोटोग्राफरसुद्धा तिकडे वळला. भाऊ खोटं काही बोललेला नाही, बातमी त्याची स्वतःची, आनंदाचीच, तरीपण इंग्रजी बोलणारा माणूस म्हणेल की ह्याने बहिणीचा थंडर चोरला. आणि दुसरीकडे ऑफिसात तुम्ही महिनाभर खपून एक आयडिया तयार केलीय, शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सांगणार आहात, आणि गुरुवारीच तुमच्या शेजारी बसणाऱ्याने ती साहेबांच्या कानात सांगून टाकली, यालाही तेच म्हणतात.

खरं तर ही दोन वेगळी नुकसानं आहेत. पहिल्यात गेलं ते लोकांचं लक्ष, दुसऱ्यात गेलं ते श्रेय. इंग्रजीवाल्यांनी दोन्ही एकाच पोत्यात घातलीत, आणि मला विचाराल तर यातलं लक्षाचं नुकसान जास्त वाईट, कारण श्रेय उशिरा का होईना परत मिळू शकतं, कुणीतरी ईमेलच्या तारखा काढतो, कुणीतरी साक्ष देतो, पण साखरपुड्याची ती दहा मिनिटं परत कशी आणणार? ही दोन्ही नुकसानं ज्या माणसाला एकदमच बसली त्याच्यामुळे हा वाक्प्रचार आला असं सांगतात, आणि तो माणूस मोठा मजेशीर होता म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

त्याचं नाव जॉन डेनिस. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर लंडनमध्ये जन्मला, बाप घोड्यांची खोगिरं बनवणारा, मुलगा शिकला मात्र केंब्रिजला. पुढे नाटकं लिहिली, कविता केल्या, पण त्याचा खरा दबदबा टीकाकार म्हणून. आणि तापट इतका की त्याच्याशी कुणाचं फार काळ पटत नसे. त्याचा एक किस्सा सांगतात की १७०४ मध्ये त्याने फ्रेंचांना झोडपणारं एक नाटक लिहिलं आणि नंतर इंग्लंड-फ्रान्स तहाची बोलणी सुरू झाली तेव्हा त्याला खरोखर भीती वाटायला लागली की फ्रान्सचा राजा तहात आपल्याला ताब्यात मागणार, म्हणून तो ड्यूक ऑफ मार्लबरोकडे संरक्षण मागायला गेला. मार्लबरो म्हणजे फ्रेंचांना रणांगणात लोळवणारा सेनापती. तो म्हणे हसून बोलला की फ्रेंचांचं नुकसान मीही तुमच्याइतकंच केलंय, पण माझ्यासाठी काही वेगळी सोय करून ठेवलेली नाही. किस्सा खरा असो वा तिखटमीठ लावलेला, माणूस स्वतःला किती सिरीयसली घेत होता ते कळतं.

पण त्याला नुसता हास्यास्पद म्हणून सोडून देणं बरोबर नाही. १६८८ मध्ये त्याने आल्प्स ओलांडला आणि तिथल्या कड्यांवरून खाली बघताना आलेल्या अनुभवाबद्दल लिहिलं की भीतीही वाटत होती आणि त्या भीतीतच आनंदही होता. आज आपण सह्याद्रीत कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघतो आणि पोटात गोळा येऊनही मागे सरकत नाही, तीच भावना, पण त्या काळात डोंगर म्हणजे अडचण असं मानणाऱ्या लोकांत हे असं लिहिणं नवीन होतं. पुढे १७०४ मध्ये त्याने काव्यावर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात माणसाच्या मनात मोठी, थरकाप उडवणारी भावना उठवणाऱ्या गोष्टींची एक यादीच दिली, त्यात देव आहेत, भुतं आहेत, नरक, चेटूक, वादळं, खवळलेला समुद्र, भूकंप, ज्वालामुखी, साप, सिंह, वाघ, आग, युद्ध, रोगराई, दुष्काळ, आणि याच यादीत विजेचा गडगडाट पण आहे. म्हणजे हा माणूस आधी कागदावर गडगडाटाची थिअरी मांडून बसलेला होता, मग पाच वर्षांनी त्याने तो थिएटरात प्रत्यक्ष वाजवायचं ठरवलं.

फेब्रुवारी १७०९ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात त्याचं नवं नाटक लागलं, अॅपियस अँड व्हर्जिनिया. कथा जुनी रोमन. अॅपियस नावाचा सत्ताधारी एका सैनिकाच्या मुलीवर डोळा ठेवतो, ती आपल्या माणसाची गुलाम आहे असा खोटा दावा कोर्टात उभा करतो, न्यायाधीशही तोच, आणि शेवटी बाप मुलीची अब्रू वाचवण्यासाठी स्वतःच्या हाताने तिचा जीव घेतो. एकूण मामला भयंकर. या नाटकासाठी डेनिसने गडगडाटाचा आवाज काढायची एक नवी पद्धत बसवली आणि ती नटमंडळींनाही पसंत पडली.

आता स्टेजवर ढग कसे गडगडवायचे हा तेव्हाही जुनाच प्रश्न होता. शेक्सपिअरच्या काळात वर माळ्यावर लोखंडी गोळा गडगडवायचे नाहीतर ढोल बडवायचे, आणि बेन जॉन्सनने आपल्या एका नाटकाच्या सुरुवातीलाच टोमणा मारून ठेवलाय की आमच्याकडे असले गोळे आणि ढोल ऐकू येणार नाहीत. दुसरी पद्धत मोहरी वाटायच्या मोठ्या भांड्याची, ज्यात गोळा गरगर फिरवला की दुरून ढगासारखा आवाज येतो. नंतर आला पातळ पत्रा, टांगायचा आणि धरून हलवायचा, तो तर आपल्याकडे गॅदरिंगच्या नाटकात विंगेत उभं राहून बऱ्याच जणांनी हलवलेला असेल. डेनिसच्या नावावर जी पद्धत सांगतात ती लाकडी पन्हळीची. लांब पन्हळ, तिच्यात मधेमधे अडथळे किंवा पायऱ्या, वरून जड गोळे सोडायचे. सपाट फळीवरून गोळा गेला तर एकसुरी घरघर येते, पण पायरीवरून तो आदळला की धाडकन आवाज, मग पुन्हा घरंगळणं, मग पुन्हा धाडकन, आणि लाकडी बांधकाम असल्यामुळे तो हादरा प्रेक्षकांच्या बाकांपर्यंत पोचतो. खऱ्या गडगडाटात आधी तडाखा आणि मग लांबत जाणारी गुरगुर असते, ते यात बरंच जमतं. ब्रिस्टलच्या १७६६ मध्ये सुरू झालेल्या थिएटरात अशी पन्हळ छपराखाली अजून आहे, आणि २०१६ मध्ये थिएटरला २५० वर्षं झाली तेव्हा किंग लिअरच्या वादळासाठी ती पुन्हा वापरली होती.

तर डेनिसचा गडगडाट चालला, नाटक नाही चाललं. चार प्रयोगांत गुंडाळलं. याचा पैशाच्या भाषेत अर्थ काय ते पण बघायला पाहिजे, कारण तेव्हा नाटककाराला आजच्यासारखी दर प्रयोगामागे रॉयल्टी नव्हती, तिसऱ्या रात्रीचा गल्ला खर्च वजा करून लेखकाचा, नाटक सहाव्या रात्रीपर्यंत पोचलं तर त्याही रात्रीचा, असा रिवाज होता. चार रात्रींत संपलेल्या नाटकाच्या लेखकाला म्हणजे एकच रात्र मिळाली. आणि मग काही दिवसांनी डेनिस त्याच थिएटरात पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या बाकांवर जिथे टीकाकार मंडळी बसायची तिथे बसून मॅकबेथ बघत होता. मॅकबेथची सुरुवातच वीज, गडगडाट आणि तीन चेटकिणींनी होते, आणि तेव्हा जी सुधारून वाढवलेली आवृत्ती चालायची तिच्यात तर चेटकिणी गात होत्या, हवेत उडत होत्या, त्यामुळे आवाजाची चंगळ. गडगडाट झाला आणि डेनिस ताडकन उभा राहून ओरडला की हा माझा गडगडाट आहे, बघा हे बदमाश माझ्याशी कसे वागतात, माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट चोरतात!

हा झाला नेहमी सांगितला जाणारा किस्सा, आणि तो या रूपात छापला गेला अठराव्या शतकाच्या मध्यात, डेनिस जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. त्याच्या हयातीतला पुरावा दुसरीकडून येतो, आणि तोही त्याच्या दुश्मनाकडून. अलेक्झांडर पोप हा त्या काळचा सगळ्यात धारदार कवी. १७११ मध्ये त्याने एका कवितेत अॅपियस असं नाव घेऊन डेनिसची टर उडवली की हा माणूस प्रत्येक शब्दाला लाल होतो आणि डोळे वटारून बघतो. डेनिसने उत्तरादाखल पुस्तिका काढली आणि तिच्यात पोपला कुबडा बेडूक वगैरे म्हणून घेतलं. पोपला लहानपणी मणक्याचा क्षय झालेला, उंची जेमतेम साडेचार फूट, त्यामुळे हा वार फारच हलका होता. मग पोपने १७२८ मध्ये डन्सियाड नावाची लांबलचक टवाळ कविता लिहिली, तिच्यात मोहरीच्या भांड्यातून गडगडाट काढण्याचा उल्लेख येतो, आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत त्यावर तळटीप दिली की हल्ली हे काम लाकडी पन्हळीने जास्त चांगलं होतं, ती सुधारणा डेनिसने केली का ते मला माहीत नाही, पण एकदा एका नव्या लेखकाची शोकांतिका बघताना गडगडाट ऐकून तो खवळून ओरडला एवढं मात्र नक्की. पोपच्या टिपेत मॅकबेथ नाहीच, कुणा नव्या लेखकाचं नाटक आहे. शेक्सपिअर नंतर चिकटला असावा, कारण मॅकबेथ टाकलं की गोष्ट जमते.

बरं, आता डेनिसच्या दाव्याचं काय? पन्हळीत पायऱ्या करून त्यावरून गोळे सोडायचे ही युक्ती इटलीत निकोला सब्बातिनीने १६३८ मध्ये स्टेजच्या यंत्रांवरच्या पुस्तकात लिहून ठेवलेली आहे. म्हणजे डेनिसचं नाटक येण्याच्या ७१ वर्षं आधी. डेनिसची पद्धत हीच असेल तर ज्याच्यावरून एवढा आरडाओरडा केला तो गडगडाट मुळात इटालियन होता. त्याने तिथून उचलली असं मी म्हणत नाही, दोन माणसांना एकच गोष्ट सुचू शकते, तरी मला हे वाचून जाम हसू आलं.

आणि समजा गडगडाट शंभर टक्के त्याचाच होता, तरी तो करणार काय होता? डेनिसचं नाटक पडल्यानंतर सव्वा वर्षात, एप्रिल १७१० मध्ये, इंग्लंडात स्टॅच्यूट ऑफ अॅन हा कॉपीराइटचा पहिला खरा कायदा लागू झाला, पण तो होता छापील पुस्तकांसाठी. नवीन पुस्तकाचा हक्क लेखकाला १४ वर्षं, तोवर लेखक जिवंत असला तर अजून १४. एखाद्याचं छापलेलं नाटक परवानगी न घेता स्टेजवर करायला त्यात काहीच आडकाठी नव्हती, नाटकाच्या प्रयोगाचा हक्क लेखकाला मिळायला १८३३ उजाडलं. आवाज काढायची पद्धत म्हणजे तर त्याहून पुढची गोष्ट. पेटंट होतं, १६२४ चा कायदा होता, पण ते मिळवायचं म्हणजे भरपूर खर्च आणि ढीगभर कचेऱ्यांचे खेटे, एका नाटकाच्या इफेक्टसाठी कोण करेल. शिवाय पन्हळ थिएटरच्या इमारतीत, गोळे थिएटरचे, सोडणारी माणसं थिएटरच्या पगारावर. डेनिसचं त्यात उरलं काय, तर कल्पना.

आणि कल्पनेवर कुणाचा मालकीहक्क नसतो हे आजही तसंच आहे, आपल्याकडेसुद्धा. याचं आपल्या सुप्रीम कोर्टातलं गाजलेलं प्रकरण म्हणजे आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स, निकाल १९७८ चा. आनंद हे दिल्लीचे नाटककार, त्यांचं हम हिंदुस्तानी नावाचं नाटक पन्नासच्या दशकात चांगलं चाललं होतं, दोन वेगळ्या प्रांतांतल्या शेजारी कुटुंबांची आणि त्यांच्या मुलामुलीच्या प्रेमाची गोष्ट. १९५६ मध्ये न्यू दिल्ली हा सिनेमा आला आणि आनंद यांना वाटलं की हे तर माझंच नाटक. कोर्टाने सांगितलं की प्रांतवादाची थीम, कल्पना, कथानकाचा सांगाडा, यावर कॉपीराइट नसतो, ती मांडायची रीत, तिची रचना, प्रसंग, हे तुमचं असतं, आणि दोन्ही बघितलेल्या माणसाला ही नक्कलच आहे असं वाटायला पाहिजे. साम्य आहे पण फरक जास्त आहेत म्हणून आनंद हरले. कायद्याच्या दृष्टीने मला हे बरोबर वाटतं, नाहीतर भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या पोरांचं प्रेम एकदा कुणी लिहिलं की पुन्हा कुणाला लिहिताच येणार नाही. पण नाटककाराला थिएटरच्या अंधारात बसून काय वाटलं असेल ते कायद्यात बसत नाही.

राजकारणात तर हा धंदा उघडउघड चालतो आणि तिथे लाजही कुणाला वाटत नाही. ब्रिटिश संसदेत फेब्रुवारी १८४५ मध्ये डिझरायलीने आपल्याच पक्षाचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्यावर टोला हाणला की व्हिग लोक आंघोळीला उतरले होते तेव्हा पीलसाहेबांनी त्यांचे कपडे उचलून पळ काढला. म्हणजे खुल्या व्यापाराचा मुद्दा विरोधकांचा, आणि पील स्वतः कॉन्झर्व्हेटिव्ह असून तोच घेऊन निघाले, पुढच्याच वर्षी धान्यावरच्या आयातकराचे कायदे रद्दही केले. गंमत बघा, १८६६ मध्ये लिबरल पक्षाचं मताधिकार वाढवायचं बिल पडलं, त्यात ह्याच डिझरायलीच्या पक्षाचा हात होता, सरकार गेलं, आणि १८६७ मध्ये डिझरायलीने स्वतः त्याहून मोठं बिल आणून पास करून घेतलं, मतदारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. कपडे उचलण्याबद्दल यावेळी त्याचं काही म्हणणं नव्हतं. आपल्याकडे पुलाच्या फ्लेक्सवर फोटो कुणाचा यावरून जे चालतं ते याच जातीचं.

लक्ष चोरण्याचे अजून दोन शब्द इंग्रजीत थिएटरातूनच आलेत. एक अपस्टेज करणं. जुनी स्टेजं मागच्या बाजूला चढ असलेली असत, त्यामुळे एखादा नट हळूच मागे सरकला की त्याच्याशी बोलणाऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागे आणि सरकणाऱ्याचा चेहरा सगळ्यांना दिसे. आपल्याकडे सीन खाल्ला म्हणतात तो प्रकार, फक्त इथे अंतर आणि कोन यांनी केलेला. दुसरा लाइमलाइट. त्यातला लाइम म्हणजे चुना, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा गोळा तापवला की पांढराशुभ्र झगझगीत प्रकाश पडतो, १८३७ पासून लंडनच्या थिएटरात तो वापरायला लागले, आणि ज्याच्यावर तो झोत त्याच्याकडेच लोक बघणार.

शेवटी एक वापर असा आहे जो मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण तिथे हा शब्द पूर्ण उलटा फिरतो. अमेरिकेतल्या वकिलांची एक जुनी युक्ती आहे, तिला नावच थंडर चोरणं असं पडलंय. समजा आरोपीवर आधीची शिक्षा झालेली आहे आणि सरकारी वकील ती गोष्ट ज्युरीसमोर फोडणार हे नक्की आहे. मग बचावाचा वकील ती स्वतःच आधी सांगून टाकतो, शांतपणे, जसं काही फार नाही अशा आवाजात. इथे थंडर म्हणजे कुणाचं कौतुक किंवा यश नाहीच, समोरच्याच्या हातातला बॉम्ब आहे, आणि तो त्याने फेकायच्या आत आपणच फोडायचा. १९९३ मध्ये किपलिंग विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी याचे प्रयोग करून बघितले, खोटे खटले आणि खोटी ज्युरी घेऊन, आणि त्यात दिसलं की तीच वाईट माहिती आपल्या तोंडून आधी आली तर समोरच्याकडून येण्यापेक्षा नुकसान कमी होतं. एक तर सांगणारा प्रामाणिक वाटतो, आणि दुसरं म्हणजे नंतर समोरचा वकील तीच गोष्ट ओरडून सांगायला लागला की ती शिळी झालेली असते. कंपन्यासुद्धा हेच करतात, बातमी बाहेर फुटणार असं दिसलं की स्वतःच प्रेस रिलीज काढून मोकळ्या होतात. आपल्याकडे खटले ज्युरीपुढे चालत नाहीत त्यामुळे कोर्टात ह्याचा तेवढा उपयोग नाही, पण प्रगतिपुस्तक बाबांच्या हातात पडायच्या आधी गणितात कमी पडलेत हे जेवताना सांगून टाकणाऱ्या पोरांना हे शास्त्र उपजतच येतं.

याला एक तोड पण निघाली. २००३ मध्ये छापलेल्या पुढच्या प्रयोगात विरुद्ध बाजूच्या वकिलाने ज्युरीला सरळ सांगितलं की यांनी ही माहिती आधीच दिली ती प्रामाणिकपणामुळे नाही, तुमच्यावर परिणाम व्हावा म्हणून दिली, आणि तेवढ्याने युक्तीचा फायदा गेला. म्हणजे ही युक्ती चालते ती कुणी तिच्याकडे बोट दाखवत नाही तोवरच. त्यामुळे सरकारी वकील पुरेसा बेरकी असेल तर तो बचाव पक्षाने तोंड उघडायच्या आत, सगळ्यात पहिल्या भाषणातच ज्युरीला सांगून ठेवेल की आता हे साहेब उठतील आणि तुमचा विश्वास बसावा म्हणून एक कबुली देतील.